एका नजरेचं खाचर

१

आयजमालवर कुणीच विश्वास ठेवला नाही. पाटावर भांडी घासणाऱ्या बायकांनी नाही, घरच्या सुनेनं नाही, आणि मतयाकुब पाटकऱ्यानं तर नाहीच नाही. म्हणे उन्हानं डोकं फिरलं. जी बाई लग्न होऊन आल्यापासून दर उन्हाळा गुडघाभर पाण्यात काढते, जिच्या मानेची कातडी जुन्या जोड्यासारखी झाली, तिचं डोकं ऊन फिरवणार? उलट उन्हानंच तिला बघून बाजूनं जावं.

आणि तिनं विचारलं तरी काय होतं? माझ्या खाचरात कोण बाई निंदते, तिचं नाव सांगा, मी काही बोलणार नाही.

हे शेवटचं खोटं होतं. ती बोलली असती, आणि नुसती बोलून थांबली नसती.

ते खाचर बियाण्याचं. आमच्या खोरेझमात अमू नदीचं पाणी पाटानं जिथवर पोचतं तिथवर भात सगळेच लावतात. पण आमच्या गावात बियाणं एकाच घरचं. त्या घरच्या खाचरात परक्याचा पाय पडत नाही. पाटकरीसुद्धा बांधावर उभा राहून फावड्यानं मोरी उघडतो. पाणी आत जातं, तो जात नाही. निंदणी घरच्याच बाईनं करायची, बियाणंही तिनंच राखायचं. आधी ते आयजमालच्या सासूकडे होतं. सासू डोळ्यांनी अधू झाली तेव्हापासून ते एकट्या आयजमालच्या नजरेखाली आलं. पुढे सासू गेली, नवरा गेला, मुलगा मॉस्कोकडे बांधकामावर गेला. खाचर तेवढं कुठे गेलं नाही.

निंदायचं काय, तर कुरमाक. हे भातातलं तण. ते डोंगरात नाही, वाळवंटात नाही. माणसानं जमीन सपाट करावी, बांध घालावा, पाणी सोडावं, मग ते हजर. जसं काही त्यालाच आवतण होतं. दिसायला हुबेहूब भात. पण भाताच्या पानाच्या सांध्याशी बारीक केसाळ कान असतो आणि कुरमाक तिथे टकला असतो. बाकीच्या बायका वाकून वाकून, डोळे बारीक करून बघतात. आयजमालला बघावं लागायचं नाही. चालता चालता बोट सांध्याला लागलं की कळायचं. तिच्या बियाण्यातून कुरमाक निघाला असं आजवर कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे गावाला रोज ऐकावं लागत होतं.

२

त्या वर्षी मुलगा लग्नापुरता येऊन गेला आणि घरात सून आली. झुमराद तिचं नाव, कापसाच्या गावची. पोर कामाची होती, पण भातातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. आमच्याकडे सून सासूला एना म्हणते आणि सासू सुनेला नावानं नाही, केलिन म्हणून हाक मारते. गाव थोरल्या बाईला बीका म्हणतं, थोरल्या पुरुषाला आगा.

"केलिन, पाय उचलून टाकू नकोस, सरकव. तू उंट आहेस का?"

"नाही, एना."

"मग चिखल का उडवतेस उंटासारखा? मुळं हलतात."

दोघी सकाळच्या उन्हात शेजारी शेजारी निंदत होत्या. डाव्या हातावर उपटलेल्या तणाची जुडी, उजवा हात पाण्यात. झुमरादनं एक रोप ओढून काढलं.

"हे काय उपटलंस?"

"कुरमाक, एना."

आयजमालनं रोप तिच्या हातातून घेतलं आणि सांध्यावर अंगठा फिरवला. कान होता. वासराच्या कानात असतात तसे मऊ केस होते.

"भात आहे हा. डोळे माहेरी विसरून आलीस का?"

झुमरादनं रिकामा हात पाण्यात बुचकळला. मग हळूच म्हणाली, "बाकीचा भात वाऱ्यानं हलत होता, एना. हा हलत नव्हता."

"तूही हलत नाहीयेस. तुला उपटू?"

रोप तिनं बांधावर टाकलं, मुळं वर करून, टाकतात तसं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच बांधावरून गेली तेव्हा रोप उलटलेलं होतं. मुळं बांधाच्या ओल्या मातीत, पाती वर. ताजंतवानं. उपटलेला भात संध्याकाळपर्यंत मरतो. पुन्हा मूळ धरतो तो कुरमाक.

तिनं खाली बसून सांधा परत चाचपला. कान होता.

"हे तू लावलंस का इथे?"

झुमरादनं घरून आणलेल्या रोटीवर हात ठेवला. "रोटीची शपथ, एना. मी कशाला लावू?"

आयजमालचं समाधान झालं नाही. म्हणजे असं, की सुनेनं चेष्टा केली हे मानणं सोपं होतं, म्हणून तिनं ते मानलं. त्या दिवसापासून ती पाटावर सगळ्यांना सांगत सुटली, आमच्या केलिनला नजर नाही, भात नि कुरमाक सारखेच दिसतात पोरीला. सासवा सांगतात तसं, चवीचवीनं सांगितलं. पाटाचं पाणी खाली वाहतं आणि बोलणंही. चार दिवसांत खालच्या वस्तीपर्यंत गेलं.

३

तंदूर पेटवायचा दिवस होता. कणिक झुमरादकडे सोपवून आयजमालनं व्हरांड्यात खरबुजाच्या दोन फोडी खाल्ल्या, वर हिरवा चहा प्यायला आणि ऐन दुपारी खाचराकडे निघाली. बाकी गाव त्या वेळी भिंतीच्या सावलीला पडलेलं असतं. आयजमालला दुपार आवडायची. डोक्यावर ऊन असलं की खाचरात सावल्या राहत नाहीत, कान-बिन सगळं स्वच्छ दिसतं.

पलीकडच्या कोपऱ्यात, पॉपलरच्या रांगेजवळ, एक बाई वाकलेली होती. पांढरा रुमाल, वर सरकवलेल्या बाह्या, पाठ इकडे.

आयजमालचा पारा चढला. "केलिन! कणिक कुणाच्या जिवावर टाकून आलीस?"

पाठ वळली नाही.

"बहिरी झालीस का? कणिक आंबेल तिकडे."

आयजमाल पाण्यात उतरून थोडी पुढे गेली, आणि मग तिला पोरीची चाल दिसली. पाय सरकवत होती. चिखल उडत नव्हता. पाण्याचा आवाजसुद्धा नव्हता. हात कसा चालत होता, तर सांधा, सोड, सांधा, सोड, न बघता, एका लयीत. असं निंदणं आयजमालनं आयुष्यात एकाच बाईचं पाहिलं होतं, आणि तेही पाण्यात पडलेल्या सावलीत.

डाव्या हातावर मात्र जुडी नव्हती. निंदणारीच्या हातावर जुडी असतेच, अर्ध्या घटकेत ती मांडीएवढी होते. हिचा हात मोकळा. प्रत्येक सांधा चाचपत होती आणि प्रत्येक सोडत होती. एकही उपटत नव्हती.

आयजमालच्या मनात आलं, काढायला काही उरलंच नसेल. माझं खाचर आहे, उरणार कुठून? आणि तिला बरं वाटलं.

"चांगलं चालतंय तुझं," ती म्हणाली. सुनेची ही पहिली स्तुती. पोर शेफारेल म्हणून लगेच पाठ फिरवून ती घरी आली.

अंगणात झुमराद तंदुरावर ओणवी होती. कोपरापर्यंत पीठ, गाल लाल, बाजूला भाजलेल्या रोट्यांची चळत.

"तू कधी आलीस?"

"कुठून, एना?"

चळत हातभर उंच होती. एवढ्या रोट्या भाजायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ लागतोच, त्यात कुणाचं काही चालत नाही. आयजमालनं वरची रोटी उचलली. बोटं पोळली. तिनं ती खाली ठेवली नाही, नुसती धरून उभी राहिली.

४

मग ती पाटावर गेली आणि विचारलं. कोण बाई निंदते माझ्या खाचरात?

सनोबर तिथे कढई घासत होती. सनोबर म्हणजे शेजारीण, आयजमालच्याच वयाची, पुढचे दात सोन्याचे, जीभ त्याहून चकचकीत. बियाण्याचं घर आयजमालचं नसतं तर सनोबरचं असतं, हे सगळ्या गावाला ठाऊक.

"तुझ्या खाचरात शिरायला मला काय वेड लागलंय?" सनोबर म्हणाली. "तिथे कुत्रीसुद्धा बांधावरून जातात, शेपूट सांभाळून."

बायका हसल्या.

"पांढरा रुमाल होता डोक्याला. निळ्या फुलांचा. काठाला जळल्याचा डाग."

आता कुणी हसलं नाही. मग खालच्या पायरीवरची एक जण म्हणाली, "आयजमाल बीका, असा रुमाल तुझ्याकडेच आहे. मुलानं धाडलेला. तूच जाळलास ना तंदुरावर?"

आयजमालनं डोक्याला हात लावला. रुमाल होता. काठही होता, डागही होता.

"म्हणजे स्वतःलाच बघून आलीस," सनोबर म्हणाली. "बरं झालं. आता दोघी भांडत बसा, आम्हाला उसंत."

तेवढ्यात मतयाकुब पाटकरी सायकल ढकलत आला, दांडीला फावडं बांधलेलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शांत माणूस, पाणी वाटणाऱ्याला शांत असावंच लागतं, नाहीतर रोज डोकं फुटेल.

"ऊन फार आहे, बीका. घरी जा, चहा घे."

"तू ये बघायला, मतयाकुब आगा."

"बघणारच आहे. फेरी आलीच जवळ."

सनोबरनं कढई पालथी घातली. आता तिच्या आवाजात खोडी नव्हती, आणि आयजमालला तेच जास्त झोंबलं. "मस्करी राहू दे, आयजमाल. मी आज तुझ्या बांधावरून आले. भाताची लोंबी अजून पोटरीत मिटलेली आहे ना? मग तुझ्या खाचरात निसवलंय ते काय? कुरमाकाच्या लोंब्या आहेत. एक-दोन नाहीत."

आयजमालनं सनोबरची कढई उचलून पाटात भिरकावली आणि चालू लागली. कढई बरीच खाली जाऊन लव्हाळ्यात अडकली म्हणतात.

फेरी म्हणजे काय, तर भात पिकायच्या आधी सारं गाव बियाण्याच्या खाचराच्या बांधावरून फिरतं. आत पाय नाही, नुसती नजर. स्वच्छ असेल तर पाटकरी पाटाचं पाणी ओंजळीनं खाचरात सोडतो. कुरमाक दिसला तर पीक हिरवंच कापतात, बियाणं दुसऱ्या घरी जातं, आणि पाटकरी विचारतो, या पाण्यात कुणाचा हात होता? ज्या बाईचं नाव निघेल ती पाण्याबाहेर. जन्मभर भाताच्या पाण्यात पाऊल टाकायचं नाही. आमच्या गावात पाण्याबाहेरची बाई काय करणार? म्हातारी असेल तर दारात बसून माशा मारील. सून असेल तर माहेरी जाईल.

५

सकाळी तिनं झुमरादला दंडाला धरून खाचरात उतरवलं.

"दाखव. कुठे आहे कुरमाक?"

झुमरादनं आधी तिच्याकडे बघितलं, मग खाचराकडे, आणि परत तिच्याकडे.

"बोल. माझ्या तोंडावर काय उगवलंय का?"

"एना, हा." तिनं एका रोपावर बोट ठेवलं. "आणि हा. आणि इथून तिथपर्यंत सगळाच. लोंब्या आल्यात बघा, काळपट, झुपक्याच्या."

आयजमालनं बघितलं. हिरवी पाती, फुगलेली पोटरी. भात. असा भात की सासूनं बघितला असता तर मेलेली उठून बसली असती. लोंबी कुठेही नव्हती. तिनं सांधा चाचपला. कान होता. दुसरा चाचपला, तिसरा चाचपला.

"लोंबी कुठे आहे?"

झुमरादनं तिचा हात धरून हवेत वर नेला आणि बोटं मिटवली. बोटांना खरखरीत काही लागलं, आणि मूठ उघडली तर तळव्यावर बारीक गोल दाणे होते. ते दिसत होते. ज्याच्यावरून आले ते दिसत नव्हतं. तिथे भात होता.

"एना, तुम्हाला खरंच दिसत नाही?"

आयजमालनं दाणे पाण्यात झटकले. डोळे गेले असतील, ती मनाशी म्हणाली. सासूचे गेले होते तसे. पण पॉपलरच्या शेंड्यावर बसलेला कावळा तिला दिसत होता. झुमरादच्या पापणीवरचा चिखलाचा ठिपका दिसत होता. डोळ्यांना काही झालं नव्हतं.

झुमराद उपटायला वाकली.

"हात लावू नकोस. भात उपटतेस तू."

"नाही हो, एना."

"आणि तिला सांग थांबायला."

"कुणाला?"

"तुझ्या पलीकडे आहे तिला."

ती तिथेच होती, झुमरादच्या हाताच्या अंतरावर, वाकलेली, रुमाल पुढे ओढलेला. सांधा, सोड. सांधा, सोड. झुमरादनं मान वळवून नीट बघितलं, आणि मग आजारी मुलाकडे बघतात तशा नजरेनं सासूकडे बघितलं.

"एना, तिथे कुरमाकाचा थोंब आहे. मोठा. माणसाएवढा."

६

घरी झुमरादनं तिला व्हरांड्यात बसवलं आणि खाली कणिक मळायला घेतली. आयजमालपुढे बियाण्याचा रांजण होता, आता रिकामा. ती त्याच्या तोंडात हात घालून आतला गारवा चाचपत राहिली.

"काल मला वाटलं सनोबरनं बी टाकलं," ती म्हणाली. "त्याआधी वाटलं तू."

"माहीत आहे."

"मग कुणी?"

झुमराद मळत राहिली. सासूशी एवढं बोलायची तिला सवय नव्हती. "आमच्याकडे कापसात असं होत नाही, म्हणून मला नक्की सांगता येणार नाही. पण एना, तुम्ही ओळखता तो कुरमाक उपटता. हो ना?"

"एकूण एक."

"आणि जो ओळखू येत नाही?"

"असा कुणी नसतो."

"समजा असलाच. एखादा, थोडासा भातासारखा. तो राहणार. भाताबरोबर कापला जाणार, झोडला जाणार, या रांजणात येणार. पुढल्या वर्षी तोच पेरला जाणार. त्याच खाचरात, तुमच्याच डोळ्यांसमोर. त्यातला जो आणखी भातासारखा तो परत राहणार. दुसरी कुणी बाई मधे कधी आलीच नाही. मग इतक्या वर्षांनी रांजणात काय उरलं असेल?"

आयजमालनं रांजणातून हात बाहेर काढला.

"म्हणजे मी शिकवलं त्याला," ती म्हणाली.

"असं मी म्हटलं नाही."

"मी म्हणते."

आणि तिच्या आवाजात जे होतं ते झुमरादला कळलं नाही. भीती होतीच. पण आपल्या हातची रोटी पाहुण्यानं मागून घेतली की बाईचा आवाज जसा होतो, तसंही काही होतं.

दुपारी ती एकटी खाचरात गेली. बाई होतीच. आयजमाल पाय सरकवत तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, निंदणीत उभं राहतात तशी, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. चेहऱ्याकडे बघितलं नाही. निंदताना कुणी कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नाही, हातांकडे बघतात. हात पाण्याखाली होता. करंगळी वाकडी होती. आयजमालची करंगळी विळ्यानं तुटता तुटता राहिलेली, ती अशीच वाकडी, याच बाजूला.

मी काय उपटत नाही, आयजमालनं स्वतःला विचारलं. भात उपटत नाही. आणि शेजारी निंदणाऱ्या बाईला उपटत नाही. कोण उपटेल?

तिनं हात वर नेला आणि रुमालाखाली मानेवर अंगठा ठेवला, सांध्यावर ठेवतात तसा. अंगठ्याला बारीक मऊ केस लागले. ओले, गार, आणि थोडे थरथरणारे. झालं. एवढंच तिला कळलं, पुढचं तिनं कळून घेतलं नाही. कारण अंगठ्यानं तिच्या आधी निकाल दिला होता. इतक्या वर्षांच्या सवयीनं तो सांगत होता, आपला आहे, सोड.

तिनं सोडलं. आणि हे तिनं नंतर कुणालाच सांगितलं नाही, की ती लगेच पळाली नाही. खाचराच्या टोकापर्यंत ती तिच्या शेजारून निंदत गेली. दोघींची लय एक होती. इतक्या वर्षांत तिला बरोबरीची जोडीदारीण मिळाली नव्हती.

७

फेरीच्या दिवशी सगळं गाव बांधावर आलं. आयजमालनं मखमलीचं जाकीट घातलं होतं, रुमाल धुऊन बांधला होता. झुमराद तिच्या मागे, खाली मान घालून. वडीलधाऱ्यांपुढे सुनेनं बांधावर तोंड उघडायचं नसतं.

आयजमालनं खाचराकडे बघितलं. भात उभा होता, एका उंचीचा, एका रंगाचा. आणि भातात बायका होत्या. ही एक नाही, रांगच्या रांग, या बांधापासून त्या बांधापर्यंत, पांढरे रुमाल, वाकलेल्या पाठी. इतकी सरळ रांग गावातल्या बायकांना कधी धरता आली नव्हती. सांधा, सोड. आवाज अजिबात नाही.

ती काही बोलली नाही. बोलून बघितलं होतं तिनं एकदा.

लोक मात्र कुजबुजायला लागले. मतयाकुबनं टोपी काढून हातात घेतली. सनोबर बांधाच्या कडेला बसली, हात लांब करून तिनं जवळचं एक पातं धरलं आणि सांध्यावर अंगठा चोळत राहिली. बराच वेळ चोळला.

"सगळा कुरमाक आहे," ती म्हणाली. "भाताची एक लोंबी नाही आत." मग पातं न सोडताच, हलक्या आवाजात म्हणाली, "पण काय कुरमाक आहे. कान आहे याला. लोंब्या दिसत नसत्या तर मीसुद्धा सोडला असता."

मागून एक म्हातारी बोलली, "या वर्षी नवा हात शिरला त्या पाण्यात."

"आयजमाल स्वतःच सांगत होती, पोरीला नजर नाही."

"कापसाची पोर. तिला काय कळणार."

झुमरादनं मान वर केली नाही. पोलक्याची कड बोटांत पिळत राहिली. मतयाकुब आयजमालच्या जवळ आला आणि इतरांना ऐकू जाणार नाही असं बोलला.

"बीका, गावाला एक नाव लागतं. सगळे सुनेचं म्हणतात. पोर आहे, माहेरी जाईल, रमेल कापसात. तुझी बाकीची शेतं तुझ्याकडे राहतील, पाण्यात पाय टाकता येईल तुला. मुलाला दुसरी बघता येईल. तू नुसती गप्प राहा. बाकी मी बघतो."

गप्प राहायचं एवढंच काम होतं. आयजमालनं सुनेकडे बघितलं. आपणच पाटावर चवीनं सांगितलेलं बोलणं खालच्या वस्तीपर्यंत जाऊन परत वर आलं होतं आणि त्या पोरीच्या डोक्यावर येऊन बसलं होतं. आणि मग तिनं खाचराकडे बघितलं.

"हिचं नाव?" ती मोठ्यानं म्हणाली. सगळे वळले. "एका उन्हाळ्यात हिनं हे केलं? हिला गाढव नीट बांधता येत नाही. मतयाकुब आगा, तू पाणी वाटतोस, तुला काय कळतं? असं गवत घडवायला जन्म जातो. दर वर्षी, दर रोपापाशी वाकावं लागतं. वेडंवाकडं एकही मी राहू दिलं नाही. जे राहिलं ते असं राहिलं. सनोबर, तू खरं बोल. या पाटावर दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं असतं?"

सनोबरनं पातं सोडलं आणि उठून उभी राहिली. तिचे सोन्याचे दात दिसत नव्हते.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या हातून तर नाहीच."

"एना, नका," झुमराद पुटपुटली. बांधावर बोलायचं नाही हे ती विसरली. "माझं घेऊ दे नाव."

"गप्प बस, केलिन. तुझं आधी निंदणं सुधार. या पोरीची नजर धड आहे, हे सगळ्यांनी ऐका, ते मी खोटं सांगत होते. आणि तू, मतयाकुब आगा, विचारायचं तसं विचार. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

पाटकऱ्यानं टोपी डोक्यावर घातली, घसा साफ केला.

"या पाण्यात कुणाचा हात होता?"

खाचरातले हात थांबले.

मग एकेक पाठ सरळ होऊ लागली, डावा हात कमरेवर, मान आधी डावीकडे मग उजवीकडे मोडत, जशी आयजमाल दिवसाच्या शेवटी सरळ होते तशी. रुमाल हळूहळू बांधाकडे वळू लागले. वारा पडलेला होता. पॉपलरचं पान हलत नव्हतं.

झुमरादनं तिची बाही घट्ट धरली. "एना," ती म्हणाली, "कुरमाक हलतोय."

आयजमाल चेहरे बघायला थांबली नाही. तिला एवढंच दिसलं की रुमालांखाली तोंडं उघडताहेत, सगळी एकदम, उत्तर द्यायला. तिनं घाई केली. आपल्या हातचं काम, ते दुसऱ्या कुणी आधी सांगावं, हे तिनं आजवर होऊ दिलं नव्हतं. तिनं छाती भरून श्वास घेतला, आणि पाटाच्या पलीकडच्या काठापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आयजमाल."